मजुरी, माप आणि प्रेम

प्रेम करण्याचा हुकूम देता येतो का? ख्रिस्ती धर्माला हा प्रश्न अनेकांनी विचारला आहे. सिग्मंड फ्रॉइडने १९३० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या संस्कृतीविषयक ग्रंथात तो सर्वांत रोखठोकपणे विचारला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. माझे प्रेम ही माझ्याजवळची मोलाची चीज आहे, ती मी वाटेल त्याला का द्यावी? अनोळखी माणसाने ते प्रेम कमावलेले नाही. उलट संधी मिळाली तर तो मला लुबाडेल, माझा अपमान करील. शिवाय सगळ्यांवर सारखेच प्रेम करायचे तर माझ्या जवळच्या माणसांवर तो अन्यायच झाला. शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करा ही आज्ञा त्यामुळे त्याला अशक्य वाटली, आणि थोडी ढोंगीही. नाताळच्या भेटकार्डांवरचा गोडवा पाहिला किंवा प्रवचनांतून वाहणारा प्रेमाचा पाक चाखला, तर फ्रॉइडशी वाद घालायला जागाच उरत नाही. परंतु ज्या वचनावर त्याने नेम धरला ते मुळात कुठे आणि कशाच्या शेजारी बसले आहे हे पाहिले, म्हणजे त्याचा बाण भलत्याच ठिकाणी लागल्याचे दिसते.

मार्कच्या शुभवर्तमानातल्या बाराव्या अध्यायात हा प्रसंग येतो. वल्हांडण सणाचे दिवस, यरुशलेमचे मंदिर, वादविवादाला जमलेली मंडळी; आणि एक शास्त्री येशूला विचारतो, सगळ्या आज्ञांमध्ये पहिली कोणती? येशू एकाऐवजी दोन सांगतो. देवावर सर्व मनाने, बुद्धीने आणि शक्तीने प्रेम करणे ही पहिली, शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करणे ही दुसरी. यातली एकही त्याची स्वतःची नाही. पहिली मोशेच्या 'अनुवाद' या पुस्तकातली, श्रद्धाळू यहुदी माणसाच्या रोजच्या प्रार्थनेतली. दुसरी 'लेवीय' पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातली. प्रेमाचा शोध ख्रिस्ती धर्मानेच लावला असे सांगणारे उत्साही प्रचारक भेटतात, त्यांनी हे ध्यानात ठेवायला हवे. लूकच्या शुभवर्तमानात तर हे उत्तर येशू देतही नाही. प्रश्न विचारायला आलेला शास्त्रीच ते देतो. येशूचे वेगळेपण शोधायचे तर ते दुसऱ्या आज्ञेचा निवाडा त्याने कोणाच्या हाती सोपवला, यात शोधावे लागते.

लेवीय हे पुस्तक फारसे कुणी आवडीने वाचत नाही. यज्ञबळी, विटाळ आणि शुद्धी यांच्या नियमांनी ते खच्चून भरले आहे. एकोणिसाव्या अध्यायात मात्र आपण अचानक शेतात, बाजारात आणि न्यायासनासमोर येऊन उभे राहतो. कापणी करताना शेताच्या कडेचे पीक कापू नका, सांडलेली कणसे वेचू नका. ती गरिबाची आणि परक्याची. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. न्याय करताना बड्याची भीड धरू नका आणि गरीब म्हणून गरिबाकडेही झुकू नका. चहाड्या सांगत फिरू नका. भावाविषयी मनात द्वेष साठवू नका, चूक असेल तर तोंडावर सांगा. सूड उगवू नका. या सगळ्यानंतर, त्याच दमात, शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करा असे वाक्य येते. थोडे पुढे गेल्यावर परदेशी माणसावरही तसेच प्रेम करायला सांगितले आहे, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता. आणि त्याला लागूनच तराजू खरा ठेवा, वजने-मापे खरी ठेवा अशी ताकीद आहे. दिवस मावळताना मजूर दारात उभा असतो तेव्हा त्याच्याविषयी धन्याच्या मनात किती माया दाटली आहे, याची चौकशी हा ग्रंथ करत नाही. पैसे दिले का, एवढेच विचारतो. मायेचा हुकूम देता येत नाही हे फ्रॉइडचे म्हणणे खरेच आहे, पण मजुरी वेळेवर देण्याचा हुकूम देता येतो.

मग याला कायदा म्हणावे, प्रेम कशाला म्हणायचे? ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर शेताच्या त्या कडेतच आहे. कड किती रुंद सोडायची हे मूळ वचनात सांगितलेलेच नाही. पुढच्या यहुदी आचार्यांनी साठावा हिस्सा ही किमान मर्यादा घालून दिली, परंतु कमाल मर्यादा घातली नाही. कायदा किमान ठरवून थांबतो. त्याच्या पुढची मोकळी जागा ज्याची त्याने भरायची असते. तरीही त्या मोकळ्या जागेची किंमत ठरते ती देणाऱ्याच्या उमाळ्यावर नव्हे. कड पुरेशी सोडली होती का, हे कणसे वेचायला आलेल्या विधवेला कळते. माप खरे होते का, हे गिऱ्हाईकाला घरी जाऊन कळते. लेवीयातला प्रत्येक नियम प्रेमाची साक्ष समोरच्या माणसाकडून काढतो, आणि येशूने नेमका हाच धागा उचलून तो टोकापर्यंत ताणला असे मला वाटते.

लूकमधला शास्त्री योग्य उत्तर देऊन थांबत नाही. माझा शेजारी कोण, असे तो पुढे विचारतो. हा प्रश्न सीमारेषेचा आहे. कुठवर प्रेम करायचे, आणि कुठून पुढे नाही केले तरी चालेल? येशू व्याख्या देत नाही, गोष्ट सांगतो. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच, यरीहो समुद्रसपाटीच्याही अडीचशे मीटर खाली. मधली पंचवीसेक किलोमीटरची वाट ओसाड डोंगरांतून उतरते. त्या वाटेवर लुटारूंनी एका माणसाला अर्धमेला करून टाकले. याजक आला आणि बाजूने गेला, लेवी आला आणि बाजूने गेला, तिसरा आला तो शोमरोनी. आज हा शब्द परोपकारी माणसाचे विशेषण होऊन बसल्यामुळे त्यातली जळजळ आपल्याला जाणवत नाही. यहुदी आणि शोमरोनी यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. गरिज्जीम डोंगरावरचे शोमरोन्यांचे मंदिर येशूच्या जन्माच्या शंभराहून अधिक वर्षे आधी यहुदी राज्यकर्त्याने उद्ध्वस्त केले होते. खुद्द लूकमध्येच, या गोष्टीच्या आदल्या अध्यायात, एक शोमरोनी गाव येशूला मुक्कामाला जागा नाकारते आणि त्याचे शिष्य त्या गावावर आकाशातून आग पाडू का, असे विचारतात. अशा जमातीचा माणूस गोष्टीचा नायक होतो आणि मग काय करतो, तर खर्च करतो. तेल, द्राक्षारस, पट्ट्या, स्वतःचे जनावर, धर्मशाळेतली रात्र, दुसऱ्या दिवशी दोन दीनार, आणि जास्त लागले तर परत येताना देईन हा वायदा. दीनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज, म्हणजे दोन दिवसांची मजुरी त्याने अनोळखी माणसावर घातली. त्याच्या मनाविषयी गोष्टीत कळवळा आला एवढेच आहे. बाकी सगळा हिशेब आहे.

गोष्ट संपल्यावर येशू जो प्रश्न विचारतो त्यात सगळा कस आहे. तिघांपैकी कोणाच्या मनात प्रेम होते, असे तो विचारत नाही. लुटारूंच्या हाती सापडलेल्या त्या माणसाचा शेजारी कोण ठरला, असे विचारतो. जागा बदललेली आहे. शास्त्री उंचावर उभा राहून शेजाऱ्यांची यादी करू पाहत होता. येशूने त्याला खड्ड्यात पडलेल्या माणसाच्या जागी झोपवले आणि तिथून वर बघून सांग म्हटले. याजकाला कदाचित देवाविषयी अपार प्रेम असेल, लेव्याच्या मनात करुणाही दाटून आली असेल. खाली पडलेल्या माणसाच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नाही. ख्रिस्ती शिकवणीत प्रेमाचे माप प्रेम करणाऱ्याच्या हाती नसते, ते ज्याच्यावर प्रेम करायचे त्याच्या हाती असते. हे एकदा पक्के धरले की पुढच्या बऱ्याच गुंत्यांना वाट फुटते.

मग देवावरच्या प्रेमाचे काय? तेही त्याच हातात गेले का? ख्रिस्ती ग्रंथ याला जवळजवळ होय म्हणतात, आणि श्रद्धाळू माणसाला अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात तर सरळच म्हटले आहे की जो देवावर प्रेम असल्याचे सांगतो आणि भावाचा द्वेष करतो तो खोटारडा. दिसणाऱ्या भावावर ज्याला प्रेम करता येत नाही त्याला न दिसणाऱ्या देवावर कसे करता येईल? मत्तयात येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण आणलेस आणि तुझ्या भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. बारकावा पाहण्यासारखा आहे: तुझे भावाविरुद्ध काही आहे का असे विचारलेले नाही, भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे का असे विचारले आहे. त्याच शुभवर्तमानातल्या अखेरच्या न्यायाच्या चित्रात भुकेला, तहानलेला, परका, उघडा, आजारी आणि तुरुंगातला अशा सहा माणसांच्या साक्षीवर निकाल लागतो. याकोबाच्या पत्रात कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. लेवीयातला मजूर तिथे पुन्हा उभा राहतो, फक्त आता तो थेट न्यायाधीशापुढे आहे.

यावर नास्तिक किंवा मानवतावादी वाचक विचारील, की मग मध्ये देव हवाच कशाला? माणसांची सेवा माणसांसाठीच करू. हा आक्षेप टाळता येत नाही, कारण देवाचे नाव न घेता आयुष्य झिजवणारी माणसे आपण पाहिली आहेत. ख्रिस्ती ग्रंथही इथे मक्तेदारीचा दावा करत नाहीत. मत्तयातल्या त्या न्यायाच्या दिवशी ज्यांच्या बाजूने निकाल लागतो त्यांना आपण देवाची सेवा केली हे ठाऊकच नसते. ते चकित होऊन विचारतात, आम्ही तुला कधी जेवू घातले? साधू कोणाला म्हणावे याची तुकोबांनी सांगितलेली खूणही रंजल्या-गांजल्यांशी असलेल्या नात्यातूनच काढलेली आहे. तरीही ख्रिस्ती विचारात पहिली आज्ञा पहिली राहते, आणि तिचे काम वेगळे आहे. माणसावरचे आपले प्रेम निवडक असते. आवडणारा, उपकार फेडणारा, आपल्यातला, निदान करुण दिसणारा माणूस आपण निवडतो. देव सूर्य चांगल्यांवर आणि वाइटांवर सारखाच उगववतो, पाऊस दोघांवर पाडतो, म्हणून तुम्हीही तसे व्हा, असे येशू डोंगरावरच्या प्रवचनात सांगतो. म्हणजे निवड करण्याचा अधिकार माझ्याकडून काढून घेतला जातो. प्रेम आधी देवाकडून मिळाले, आपण करतो ती त्याची परतफेड, अशी ही मांडणी आहे. आणि ऋण फेडताना समोरचा लायक आहे का, हे विचारायचे नसते. श्रद्धा नसलेल्या माणसालाही असे वागता येते. ख्रिस्ती माणसाला मात्र तसे न वागण्याची सवलत नाही, एवढाच फरक.

हे प्रत्यक्षात कधी घडले का? विरोधकाची साक्ष इथे अधिक मोलाची. ख्रिस्ती वातावरणात वाढून पुढे जुन्या रोमन देवतांकडे वळलेल्या सम्राट ज्युलियनने ३६२ साली गलतियातल्या महायाजकाला लिहिलेल्या पत्रात तक्रार केली, की हे ख्रिस्ती लोक स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, आपल्यांनाही पोसतात, आणि आपली माणसे मात्र आपल्याकडून मदत न मिळता राहतात. ज्युलियनला ख्रिस्ती धर्म संपवायचा होता, त्यामुळे त्याला कौतुक करण्याचे काही कारण नव्हते. परंतु आपल्याला जवळचे आणि अधिक खोल उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे.

संस्कृत शास्त्रांवर प्रभुत्व असलेल्या, कलकत्त्यात 'पंडिता' ही पदवी मिळालेल्या रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजच्या भगिनींच्या मठाने त्यांना लंडनजवळच्या फुलहॅममधले आपले काम दाखवले. समाजाने 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे सांभाळले जाई. पुढे आपल्या आत्मकथनात रमाबाईंनी लिहिले आहे, की अशा स्त्रियांशी कुणी मायेने वागताना त्यांनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. या भगिनी असे का करतात असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली येशू आणि शोमरोनी स्त्री यांची भेट सांगण्यात आली. ईश्वरशास्त्राच्या वादांत त्या कुणाला सहजासहजी हार जाणाऱ्या नव्हत्या. बाप्तिस्म्यानंतरही चर्चच्या सिद्धान्तांवरून त्यांचे त्याच भगिनींशी खटके उडत राहिले. त्यांना हलवले ते सिद्धान्ताने नव्हे, टाकलेल्या बायकांच्या चेहऱ्यांनी. पुढे १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदासदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी, अनाथ, विक्रीला निघालेल्या मुली गोळा करून आणल्या. दौंडजवळच्या केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना, अंध मुलींचे शिक्षण आणि फुलहॅमसारखेच एक 'कृपासदन' तिथे होते. मुली निव्वळ पोसायच्या नव्हत्या, त्यांच्या हाताला काम आणि डोक्याला अक्षर द्यायचे होते. सरकारची मर्जी राखणाऱ्यांपैकीही त्या नव्हत्या: १८९७ साली पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांना जी वागणूक मिळत होती तिच्याविरुद्ध त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात जाहीरपणे लिहिले.

आता सर्वांत जुना मराठी आक्षेप. हे प्रेम होते की धर्मांतराचे आमिष? १८९३ साली शारदासदनावर हेच वादळ आले. शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे आधी सांगितले होते, आणि मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. मला वाटते आक्षेपाला पूर्ण वजन द्यायला हवे. उपाशी पोराला निवडीचे स्वातंत्र्य नसते. ज्या घरात जेवण मिळते त्या घराचा देव ते आपला मानते. मदतीला अट चिकटली की तो व्यवहार झाला, आणि दुष्काळात बाप्तिस्म्यांचे आकडे मोजणाऱ्या मिशनऱ्यांना त्यांच्याच ग्रंथातली गोष्ट आडवी येते. जखमी माणसाला जनावरावर घालताना शोमरोन्याने उपासना यरुशलेमात करायची की गरिज्जीमवर, हे विचारले नव्हते, जरी दोन जमातींतले भांडण नेमके तेच होते. पण हाच निकष टीकाकारांनाही लावावा लागतो. दुष्काळातल्या त्या मुली रस्त्यावर पडल्या होत्या तेव्हा त्यांना टाळून बाजूने गेलेल्यांत धर्माभिमानी पुष्कळ होते. रमाबाईंच्या कामाचा निवाडा मिशनच्या अहवालांनी होत नाही, 'केसरी'च्या अग्रलेखांनीही होत नाही. केडगावला वाचलेल्या मुलींच्या पुढच्या आयुष्यांनी होतो, आणि त्यात वाचल्याचे समाधान आणि न विचारता धर्म बदलल्याचा सल, दोन्हींना जागा असली पाहिजे.

देवावरचे प्रेम माणसाच्या साक्षीपासून सुटले म्हणजे काय होते, हे पाहायला गोव्याबाहेर जावे लागत नाही. १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षे सोडता, तिथे इन्क्विझिशनचे न्यायासन चालले. नवख्रिस्ती माणूस गुपचूप जुने व्रत पाळतो का, तुळशीला पाणी घालतो का, याच्या चौकशा झाल्या, लोक कोठडीत पडले, काही जाळले गेले. करणारे म्हणत होते की हे देवाच्या प्रेमापोटी आणि त्या जीवाच्या कल्याणासाठी आहे. ते खरे ख्रिस्ती नव्हतेच, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे, पण खोटे आहे. या विचाराची बीजे संत ऑगस्टिनसारख्या थोर माणसात सापडतात. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा हा बिशप आधी धर्मात जबरदस्ती नको म्हणत असे; डोनाटिस्ट पंथाशी झालेल्या झगड्यात त्याचे मत बदलले, आणि ४०८ च्या सुमाराच्या एका पत्रात त्याने राजसत्तेचा धाक हा प्रेमाचाच प्रकार ठरवला. त्याच्या युक्तिवादात द्वेष नाही, हीच भीतिदायक गोष्ट आहे. तुझ्या भल्यासाठी, असे म्हणणाऱ्याने माप स्वतःच्या हाती घेतले की त्याला थांबवणारे कोणी उरत नाही. खड्ड्यातल्या माणसाला विचारले असते तर उत्तर एका क्षणात मिळाले असते.

जातीचा प्रश्नही असाच तपासावा लागतो. याकोबाच्या पत्रात सभेत सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला पायाशी बस असे सांगणाऱ्यांना झाडले आहे, आणि त्याला जोडूनच शेजाऱ्यावरच्या प्रेमाची आज्ञा येते. तरीही आपल्या देशात चर्चमधल्या बसण्याच्या जागा आणि दफनभूमी जातीनुसार विभागल्या गेल्या. तामिळनाडूत वडक्कनकुलम इथे तर दोन जातींना वेगळे ठेवण्यासाठी चर्चची इमारतच दुभंगून बांधली होती. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना शिकवण किती उदात्त आहे हे विचारले नाही. धर्मांतरिताचे अस्पृश्यपण गेले का, आणि नसेल तर त्याच्यासाठी भांडायला कोणी उभे राहिले का, एवढेच विचारले. त्यांनी ख्रिस्ती धर्माला ख्रिस्ती मापानेच मोजले, आणि माप कमी भरले. प्रेमाची भाषा अन्यायावर पांघरूण घालते, हा आक्षेप त्यामुळे निम्मा खरा आहे. उरलेला निम्मा अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये दिसतो. १९६८ साली त्या शहरातले सुमारे तेराशे कृष्णवर्णीय सफाई कामगार मजुरी आणि युनियनच्या मान्यतेसाठी संपावर होते. ३ एप्रिलच्या रात्री मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांच्यासमोर यरीहोच्या वाटेची गोष्ट काढली. थांबलो तर माझे काय होईल हा याजकाचा प्रश्न, आणि न थांबलो तर याचे काय होईल हा शोमरोन्याचा. दुसऱ्या दिवशी त्यांचा खून झाला. १६ एप्रिलला शहराने युनियन मान्य केली आणि पगारवाढ कबूल केली. प्रेम आणि हक्क यांच्यात भिंत उभी करणाऱ्यांनी हा संप अभ्यासावा.

माप समोरच्याच्या हाती द्यायचे, तर मग त्याच्या मनासारखे वागत राहायचे का? दारुड्याने पैसे मागितले, मारकुट्या नवऱ्याने क्षमा मागितली, तर? इथे लेवीयातले ते वाक्य उपयोगी पडते: मनात द्वेष ठेवू नका, तोंडावर सांगा. मार्कमध्ये येशू एका श्रीमंत माणसाकडे पाहतो, त्याच्यावर प्रेम करतो असे स्पष्ट लिहिले आहे, आणि लगेच त्याला सगळे विकून गरिबांना द्यायला सांगतो. तो माणूस खिन्न होऊन निघून जातो. समोरचा माणूस आपल्या जखमेचा साक्षीदार असतो, आपल्या प्रत्येक इच्छेचा न्यायाधीश नसतो. क्षमेचेही तसेच. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावी, कुष्ठरोग्यांमध्ये अनेक वर्षे काम केलेले ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन लहान मुलगे गाडीत झोपलेले असताना जाळले गेले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले, आणि कायद्याने आपले काम करावे हेही सांगितले. क्षमा करण्याचा अधिकार जळालेल्यांच्या घरातल्या त्या बाईचा होता. मार खाणाऱ्या बायकोला प्रेम कर, सोसून घे असे सांगणारा धर्मोपदेशक दुसऱ्याच्या पेटीतले पैसे दान करत असतो.

सर्वांत अवघड गाठ घरातली आहे. देवावर प्रेम करणारा माणूस घरच्यांवर अन्याय करू शकतो, आणि येशूची काही वचने त्याला तसे करायला जागाही देतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्या निर्णयात जागा नव्हती. कित्येक वर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' हे मराठीतले अजोड आत्मचरित्र म्हणून आपण वाचतो, पण ख्रिस्ती प्रेमाचा एवढा प्रामाणिक हिशेब दुसरा नाही. घरात उद्याला काही आहे का हे न पाहता देऊन टाकणारे टिळक, आणि त्या देण्याचा भार वाहणारी बायको. परक्या पोरांना घरात आणणारा नवरा, आणि त्यांना रांधून घालणारी ती. लक्ष्मीबाई हसतात, चिडतात, पण लपवत नाहीत. टिळकांच्या औदार्याचे माप त्यांच्या कवितांवरून काढता येत नाही, ते या पुस्तकातूनच काढावे लागते. लक्ष्मीबाई पुन्हा नवऱ्याकडे राहायला आल्या त्या आपले सोवळे घेऊनच. जात देवाने केली की माणसांनी, याचा विचार त्यांनी स्वतःशी केला, तो पटल्यावर शिवाशिव टाकली, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी त्यांना ओढले नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. आयुष्याच्या शेवटी, १९१७ साली, टिळकांनी मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात प्रवेश होता. १९१९ साली ते गेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. अक्षरओळखही लग्नानंतर झालेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे ते लिहायला घेतले आणि त्याचे बहुतेक अध्याय त्यांच्याच हातचे आहेत. त्याच वर्षांत त्या 'स्मृतिचित्रे'ही लिहीत होत्या, आणि त्यातली एकही तक्रार त्यांनी मागे घेतली नाही.